आवडीचा तुकडा

खाण्याच्या आधी हातमोजे आले. पातळ, पारदर्शक प्लास्टिकचे, पाच जोड, लाकडी तबकात घडी घालून ठेवलेले. ते घेऊन आलेला झुबकेदार मिशांचा वेटर बोलण्यावरून थेट शेजारच्या भिंड जिल्ह्यातला वाटत होता, पण त्याने कमरेत वाकून कोरियन भाषेत नमस्कार घातला आणि मग आपल्या हिंदीत सांगितलं, की माँजी, पहन लीजिए, हाथ नहीं चिपकेंगे. उषाताईंनी असले मोजे यापूर्वी एकाच कामासाठी वापरले होते. सासूबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा दीड वर्ष रोज सकाळी त्यांनी ते चढवले होते, आणि ते घालून काय काय उचललं, पुसलं, धुतलं ते जेवायला बसल्यावर आठवू नये हे त्यांना कळत होतं. पण आठवलं ते आठवलंच. त्यांनी तबक दोन बोटांनी बाजूला सारलं. तेवढ्यात समोरून संग्रामसिंह, त्यांचा एकुलता एक मुलगा, अडतिसाव्या वर्षी शाळेतल्या पोरासारखं हसत म्हणाला, "आईसाहेब, तुमच्यासाठीच तर आलोय इथे. यांच्याकडे फक्त कोंबडीचे पंख मिळतात, दुसरं काही नाही. तुम्हाला पंख आवडतात ना, मी तर बचपन से बघतोय."

उषाताई "हो" म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? जिन्यात अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा त्यांचा जीव क्षणभर खाली गेला आणि परत जागेवर आला. कोणाच्या लक्षात आलं नाही. हॉटेल ग्वाल्हेरातल्या इंदरगंजच्या चौकावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. पूर्वी तिथे टायपिंग शिकवायचे. आता भिंतींवर गुळगुळीत चेहऱ्यांच्या कोरियन पोरांचे फोटो, कानात घुसणारं संगीत आणि काचेपलीकडे रविवार दुपारच्या उन्हात सुस्तावलेला चौक. बाकं इतकी उंच की पाय जमिनीला पुरत नव्हते. बासष्टाव्या वर्षी पाय लोंबकळत ठेवून बसणं उषाताईंना अपमानाचं वाटत होतं. तसं आज त्यांना सगळंच अपमानाचं वाटत होतं, मुलाच्या हसण्यासकट. इतकी वर्षं हा आपल्या समोर बसून जेवला, आपल्या हाताने वाढलेलं जेवला, आणि याला एवढंच दिसलं? बरं, जे दिसलं ते जपून ठेवलं, आणि आता कौतुकाने तेच प्लेट भरून खायला घालायला निघाला आहे. प्रेमाने केलेल्या गोष्टीचा राग आला की तो कुठे ठेवावा हे माणसाला कळत नाही. उषाताईंनी तो नेहमीप्रमाणे सुनेवर ठेवला.

पंखांची गोष्ट जयेंद्रगंजातल्या घरातल्या पहिल्याच रविवारची. उषाताई देवासच्या. तीन भावांच्या पाठीवरची एकटी मुलगी, तंगडीसाठी भावांशी मारामाऱ्या करणारी आणि बहुतेक वेळा जिंकणारी. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन ग्वाल्हेरला आली. सासरे महिपतराव, त्यांचे आजोबा रिसाल्यात होते, आणि रिसाला गेला, घोडे गेले, वतन गेलं तरी घरात सगळ्यांनी एकमेकांना साहेब म्हणायचं तेवढं शिल्लक राहिलं होतं. दर रविवारी एक कोंबडी यायची. सासूबाई, विजयाबाई, पळी घेऊन पातेल्याशी बसायच्या आणि त्यांची पळी कधी चुकायची नाही. कलेजी महिपतरावांना, तंगड्या दोन मुलांना, छातीचे तुकडे पाहुणा असेल तर पाहुण्याला आणि नसेल तर पुन्हा मुलांनाच. पुरुष उठले की बायका बसायच्या. तेव्हा पातेल्यात मान असायची, पाठीचा पिंजरा असायचा आणि दोन पंख असायचे. त्या पहिल्या रविवारी महिपतरावांनी बाहेरून हात पुसता पुसता विचारलं, नव्या सूनबाईंना नीट वाढलं का? विजयाबाई आतून म्हणाल्या, "वाढलं. तिला पंख आवडतात." उषाने चमकून वर पाहिलं. थोरली जाऊ सुलोचनाबाई भात कालवत होती. तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं. खोटं इतकं सहज बोललं गेलं होतं, की ते खोडायला उषाला तोंड उघडावं लागलं असतं, आणि नव्या नवरीने पहिल्याच रविवारी कोंबडीच्या तंगडीसाठी तोंड उघडायचं म्हणजे माहेरचा उद्धार ठरलेला. ती मूग गिळून बसली. वर्षभराने कोणीतरी विचारलं तेव्हा ती स्वतःच म्हणाली, मला पंखच आवडतात. म्हटल्यावर बरं वाटलं. निदान आपण मागितलं आणि आपल्याला मिळालं, असं तरी दिसत होतं.

आणि आता टेबलाच्या टोकाला उषाताईंचे यजमान दिनकरराव बसले होते. गुडघे दुमडत नाहीत म्हणून त्यांनी बाकाऐवजी खुर्ची मागून घेतली होती, आणि टोकाची ती खुर्ची मिळाल्यावर त्यांच्या पाठीला आपोआप ताठा आला होता. माणूस सिंचन खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला, आयुष्यभर स्कूटरवर फिरला, पण जेवायला बसला की रिसाला आपल्या मागे उभा आहे असा बसायचा. त्यांनी वेटरला विचारलं, की भई, तंगडी वगैरा कुछ नहीं है? नाही म्हटल्यावर ते कोणाकडेही न बघता म्हणाले, "पंख खायला एवढे जिने चढवले आम्हाला. घरी बायका खातात हे." त्यात त्यांना टोमणा मारायचा नव्हता. टोमणा असता तर उषाताईंना चाललं असतं. टोमणा मारायला समोर माणूस आहे हे आधी दिसावं लागतं. ते नुसती माहिती देत होते, नळाला पाणी दुपारी येतं तशी. उषाताईंना त्या क्षणी त्यांचा इतका तिटकारा आला, की त्यांनी मोज्यांचा एक जोड उचलून हातात चुरगाळला. संग्रामसिंह हसला. सून नीलमही हसली, पण बेताने.

दिनकरराव आणि उषाताई यांच्यात गेली पंधराएक वर्षं बोलणं नव्हतं. भांडण झालं होतं असं नाही. बोलण्याची गरजच संपली होती. ताटावर बसल्यावर दिनकरराव वाटी वाजवायचे, म्हणजे भाजी. पेला वाजवायचे, म्हणजे पाणी. दोनदा पेला वाजला म्हणजे उशीर झाला. एवढ्यावर घर चालत होतं. दुपारी उषाताई पलंगावर आडव्या पडायच्या आणि दुसऱ्या खोलीतून वर्तमानपत्राची पानं उलटल्याचा आवाज यायचा, आणि त्यांना वाटायचं, की यापुढे वीस वर्षं असंच असणार आहे आणि आपली तब्येत दगडासारखी आहे. मग गेल्या एप्रिलमध्ये नात मंजिरी आली. संग्राम आणि नीलम दोघंही नोएडात नोकरीला, पोरीला सांभाळणारी बाई गावी निघून गेली, पोर सारखी आजारी पडू लागली. तेव्हा एक वर्षापुरतं म्हणून तिला ग्वाल्हेरच्या शाळेत घातलं. आठ वर्षांची होती, आता नऊची झाली. आली तेव्हा धुमाकूळ होता नुसता. ताटातलं टाकायची, आबांच्या, म्हणजे दिनकररावांच्या, खुर्चीवर चढून बसायची, हिंदीत भांडायची आणि मराठीत रडायची. उषाताईंनी तिला हळूहळू वळण लावलं. दोन वेण्या घातल्या, श्लोक शिकवले, पानं घ्यायला शिकवलं. दुपारी ती उषाताईंच्या पोटावर पाय टाकून झोपायची. अंग अवघडलं तरी त्या हलायच्या नाहीत. आबांनी पेला वाजवला की पोरगी उषाताईंच्या आधी उठून पाणी नेऊन द्यायची, आणि उषाताई शेजारीपाजारी सांगत सुटायच्या, की बघा, नऊ वर्षांची पोर, पण किती समज. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सकाळी डोळे उघडताना कंटाळा येत नव्हता. मंजिरी परत गेली तर आपण त्या घरात वेड्या होऊ, हे त्यांनी स्वतःला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं.

आणि आज ते ठरणार होतं. मार्च संपत आला होता. नोएडाच्या एका शाळेत नीलमने जागा मिळवून ठेवली होती. ती घ्यायची की सोडायची हे उद्या कळवायचं होतं. काल रात्रीच्या गाडीने नवराबायको आली, आणि नीलमने सकाळी चहा घेता घेता सांगितलं, की दुपारी बाहेर जेवू, तिथेच बोलू. बाहेर का, हे उषाताईंना बरोबर कळलं. घरात त्यांचा स्वयंपाक, त्यांचं वाढणं, त्यांची पोर. तिथे सुनेचा पाय लटपटला असता. म्हणून ही उंच बाकं, हे मोजे, हे परकं संगीत. दहा वर्षांत नीलम त्यांना एक शब्द उलटून बोलली नव्हती आणि तेच उषाताईंना खुपायचं. इंदूरची मुलगी, नोएडातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या ऑफिसात नोकरी, बोलणं कसं, तर नर्सने इंजेक्शन देण्याआधी हातावर कापूस फिरवावा तसं. आताही ती वेटरशी शांतपणे बोलून सगळं मागवत होती, कमी तिखट, जास्त तिखट, पांढरा मुळा वेगळा द्या. मधूनच मंजिरीकडे बघत होती. आईच्या नजरेने बघत होती, आणि उषाताईंना ती नजर चोरी करणाऱ्या माणसाची वाटत होती. त्यांनी मंजिरीला भिंतीच्या बाजूला बसवलं होतं आणि स्वतः बाकाच्या तोंडाशी बसल्या होत्या. जणू कोणी ओढून नेईल.

पण घडलं भलतंच. नीलमने पाण्याचा घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि कोणी विचारायच्या आत म्हणाली, "आईसाहेब, आम्ही दोघांनी विचार केला. राहू द्या तिला इथे. पाचवी होईपर्यंत तरी. तिथे मी सात वाजता घरी येते. इथे ती सुधारली आहे, मला दिसतं ते." शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज जरा घसरला. उषाताईंनी मान हलवली. तोंडावर काही दिसू द्यायचं नाही याची सवय अशा वेळी उपयोगी पडते. आतून मात्र त्यांना असा आनंद झाला, की त्याची त्यांनाच लाज वाटावी. आपलं मिळालं याच्यापेक्षा तिचं गेलं याचा तो आनंद जास्त होता. दहा वर्षांची ती गुळगुळीत सून एकदाची खरचटली होती. उषाताईंनी टेबलाखाली मंजिरीचा हात धरला. पोरीने सवयीने बोटांत बोटं घातली. पाचवी होईपर्यंत. म्हणजे दोन वर्षं. नंतरचं नंतर बघू. संग्रामसिंह म्हणाला, की चला, एक टेन्शन संपलं, आणि दिनकररावांनी टेबलावर बोटांनी ताल धरला, म्हणजे खाणं कुठे आहे.

खाणं आलं. मोठ्या काळ्या थाळीत बारा तुकडे, लालभडक, चिकट, चकाकणारे, वर तीळ भुरभुरलेले, बाजूला पांढऱ्या मुळ्याचे चौकोन. वास गोड, आंबट आणि तिखट असा एकाच वेळी येत होता आणि नाकाला नेमकं काय ते ठरवता येत नव्हतं. वेटर चिमट्याने वाढू लागला तसा उषाताईंनी त्याच्या हातातून चिमटा काढून घेतला. आपण असताना आपल्या माणसांना दुसऱ्याने वाढायचं हे त्यांना जन्मात जमलं नसतं. हॉटेलवाल्यांनी एका पंखाचे दोन भाग केले होते. अर्धे तुकडे खांद्याकडचे, गुबगुबीत, एका हाडाचे, दिसायला थेट इवल्याशा तंगडीसारखे. अर्धे त्याच्या पुढचे, चपटे, दोन बारीक हाडांमध्ये मांसाची पट्टी असलेले. उषाताई वाढू लागल्या. मन अजून त्या दोन वर्षांतच होतं. येत्या उन्हाळ्यात मंजिरीला देवासला न्यावं, आपलं माहेर दाखवावं, पावसाळ्याआधी तिच्यासाठी खिडकीशी टेबल करून घ्यावं. चिमटा थाळीतून उचलत होता, प्लेटमध्ये ठेवत होता. बाराच्या बारा तुकडे वाटून झाले आणि त्यांनी चिमटा खाली ठेवला. सगळ्यांनी मोजे चढवले, नाइलाजाने उषाताईंनीही. दिनकररावांनी चढवले नाहीत.

पहिल्या घासाला उषाताईंच्या दाताखाली कुरकुरीत पापुद्रा मोडला आणि आतून गरम वाफ जिभेवर आली. चांगलं लागत होतं. ते चांगलं लागतंय याचाच त्यांना राग आला. आपल्या रश्श्यात गळून, चिवट होऊन, हाडाला चिकटून राहणारा तो पंख, जो चोखून चोखून त्यांचा एक दात हलला होता, तो इथे येऊन एवढा डौलाने बसला होता आणि लोक जिने चढून त्याच्यासाठी येत होते. दिनकररावांनी पहिला तुकडा संपवून हाड प्लेटमध्ये टाकलं आणि नुसते हुंकारले, म्हणजे पसंत. संग्रामसिंहाचं तोंड भरलं होतं. नीलमने एक तुकडा उचलून उगाच इकडून तिकडून पाहिला आणि खायला लागली. तिच्या डोळ्यांच्या कडा अजून लाल होत्या. सॉस तिखट होता असं म्हणायची सोय होती. कोणीच काही बोलत नव्हतं आणि उषाताईंना ती शांतता आवडत होती, जिंकलेल्या माणसाला आवडते तशी.

मंजिरी दोन हाडांमधलं मांस पुढच्या दातांनी ओरबाडत होती. मोजा तिच्या हाताला मोठा होता, बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. संग्रामसिंह सहज म्हणाला, की बेटा, तुझ्याकडे तो गोल वाला एकपण नाही आला, हा घे, आणि त्याने आपल्या प्लेटमधला गुबगुबीत तुकडा तिच्याकडे धरला. मंजिरीने मान हलवली. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "नाही पप्पा. वो वाला आबा आणि तुमचं असतं ना," ती म्हणाली. "मला हेच आवडतं."

संग्रामसिंह हसला. म्हणाला, की घ्या, आजीवर गेली पूर्ण. नीलमही हसली. उषाताईंनी प्लेटींकडे पाहिलं. दिनकररावांच्या प्लेटमध्ये तीन गोल. एक संपलेला, दोन शिल्लक. संग्रामच्या प्लेटमध्ये तीन गोल. नीलमच्या प्लेटमध्ये दोन चपटे. मंजिरीच्या प्लेटमध्ये दोन चपटे. त्यांच्या स्वतःच्या प्लेटमध्ये दोन चपटे. एकही तुकडा चुकला नव्हता. अनोळखी देशाचं खाणं, आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेले तुकडे, आणि मन देवासच्या रस्त्यावर असताना हाताने त्यातलंही बरोबर तंगडी कोणती आणि उरलेलं कोणतं ते ओळखून काढलं होतं. त्यांना वाटलं, आता नीलम बोलेल, आता हिला दिसेल. पण नीलमला काही दिसलं नव्हतं. ती आपले दोन चपटे तुकडे मुकाट्याने खात होती.

आपण पोरीला हे कधी शिकवलं, ते उषाताई शोधू लागल्या. शिकवलं नव्हतं. कधी म्हणजे कधीच म्हटलं नव्हतं, की हे तुझं नाही. विजयाबाईंनी निदान म्हटलं होतं. निदान तोंडाने खोटं बोलल्या होत्या, त्यामुळे त्यांचा द्वेष करता आला. तीस-पस्तीस वर्षं तो द्वेष उषाताईंनी जपला होता, मोजे घालून त्यांचं अंग पुसतानासुद्धा. मग विजयाबाई गेल्या. पळी उषाताईंच्या हातात आली. समोर कोणी नव्हतं. घरात दोन माणसं, कोंबडीला दोन तंगड्या, हिशेब पोरालाही जमला असता. तरी त्यांनी दोन्ही तंगड्या नवऱ्याला वाढल्या, दर रविवारी, आणि ओट्याशी उभं राहून पंख चोखले, आणि मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या घातल्या, की याला एकदा तरी म्हणावंसं वाटू नये, तू घे. त्या शिव्यांचीच चटक लागली होती. दुसऱ्याने द्यावं म्हणून वाट बघायची आणि त्याने दिलं नाही म्हणून कुढायचं, यावर त्यांचं सगळं मोठेपण उभं होतं. आणि वर्षभर ही पोर ओट्याशी, त्यांच्या बगलेत उभी होती. बघत होती. पोरीने शब्द ऐकले नव्हते, हात पाहिला होता. सुधारली आहे, असं तिची आई म्हणाली होती.

उषाताईंनी हात पुढे केला आणि दिनकररावांच्या प्लेटमधला एक गोल तुकडा उचलला. पंधरा वर्षांत त्यांनी त्या माणसाच्या ताटाला असा हात लावला नव्हता. दिनकररावांचं बोट ताल धरता धरता थांबलं. उषाताईंनी तो तुकडा मंजिरीच्या प्लेटमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, की खा. मंजिरीने आधी तुकड्याकडे पाहिलं, मग आबांकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भीती असती तर बरं झालं असतं. तिने समजूतदार मोठ्या बाईसारखं आजीकडे पाहून मान हलवली, तुकडा उचलला आणि हात लांब करून आबांच्या प्लेटमध्ये परत ठेवला, कडेला नाही, मधोमध. दिनकरराव खूश झाले. ते सुनेकडे वळून म्हणाले, की बघितलं ना, घरचे संस्कार हे असे असतात, तुमच्या नोएडात नाही मिळत, आणि त्यांनी तो तुकडा तोंडात घातला.

"हिला घेऊन जा," उषाताई म्हणाल्या.

कोणाला कळलंच नाही. त्यांना पुन्हा म्हणावं लागलं, की नीलम, हिला घेऊन जा, उद्या त्या शाळेला हो म्हणून कळव. संग्रामसिंह घास गिळून म्हणाला, की आईसाहेब, आता तर ठरलं, तुम्ही खूश होता. नीलमने मोजे काढले. काढताना एकेक बोट नीट ओढून काढलं. आपण दिलं तेव्हा यांनी एका शब्दाने आनंद दाखवला नाही आणि आता फेकून देताहेत, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला उषाताईंना चष्मा लागत नव्हता. ती म्हणाली, की आईसाहेब, काही चुकलं का आमचं? सरळ सांगा. उषाताईंनी सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होत्या? कोंबडीचे गोल तुकडे पुरुषांना गेले आणि चपटे बायकांना गेले, म्हणून? पोरगी शहाण्यासारखी वागली, म्हणून? ज्याला ते दिसत नाही त्याला सांगितलं तर हसू येईल, आणि ज्याला दिसतं त्याला सांगावं लागत नाही. त्या म्हणाल्या, "माझ्याच्याने होत नाही आता. दमते मी." हे साफ खोटं होतं. दिनकरराव म्हणाले, की हिचं डोकं आजकाल ठिकाणावर नसतं, पोरगी इथेच राहील, मी सांगतो. नवऱ्याने आपल्याबद्दल चारचौघांत बोललेलं ते पंधरा वर्षांतलं सर्वांत लांब वाक्य असावं, असा एक फालतू विचार उषाताईंच्या मनात येऊन गेला.

मग नीलम कळवळली. तेच व्हायला नको होतं. ती पुढे वाकून म्हणाली, की दमत असाल तर आपण कामाला बाई बघू, मी बघते, पण पोरीचं मन लागलंय हो इथे, तिला असं मधूनच उपटू नका. त्या आवाजात कापूस नव्हता. दहा वर्षांत पहिल्यांदा ही मुलगी आपल्याशी खरं बोलते आहे आणि आपल्याला तिला लाथाडायचं आहे, हे उषाताईंना कळलं. एक शब्द बोलला तर सगळं परत मिळत होतं. दोन वर्षं, दोन वेण्या, पोटावरचा पाय. जीभ त्या शब्दाशी येऊन थांबली होती. शेजारी मंजिरीने मोजे काढले होते. ती बारीक आवाजात म्हणाली, "आजी, मी काय केलं? आबांचं घेतलं पण नाही मी." तिने आजीचा पदर ओढला. "तुला मी नको का?"

सगळे बघत होते. हवी म्हटलं असतं तर पोर राहिली असती, आणि पुढे कधीतरी, कोणाच्या तरी घरात, पहिल्याच रविवारी, कोणी न सांगता मान खाली घालून बसली असती. उषाताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या मुळ्याच्या वाटीकडे बघत त्या म्हणाल्या, "नको."

मंजिरी रडली नाही. ती बाकावरून खाली घसरली आणि टेबलाखालून गेली, कारण बाकाच्या तोंडाशी आजी बसली होती आणि तिला तिच्याकडे जायचं नव्हतं. जाताना तिचा खांदा उषाताईंच्या लोंबत्या पायांना लागला. पलीकडे आईजवळ निघून ती बाकावर चढली. तोंड लालबुंद झालं होतं. तिने समोर पाहिलं, मग बाजूला पाहिलं, आणि कोणालाही न विचारता आबांच्या प्लेटमध्ये हात घालून उरलेला शेवटचा गोल तुकडा उचलला. दिनकरराव अगं अगं करत राहिले. उघड्या हाताने, कोपरापर्यंत सॉस ओघळू देत, ती तो खाऊ लागली. मोठे मोठे घास घेत, एकदाही पापणी न लववता, उषाताईंकडे द्वेषाने बघत. खाल्लं, हाड टाकलं आणि बापाच्या प्लेटमधला दुसरा घेतला. तिखटाने तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तेव्हा उषाताईंनी आपला पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. तो तिने घेतला नाही.